गिटारचं पोट आत गेलं की खर्जाचं काय होतं

पातळ बॉडीची, केबलनं स्पीकरला जोडता येणारी नायलॉन तारांची गिटार दुकानात उचलून, केबल न लावता नुसती छेडली की बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. आवाज लहान, खर्ज जवळपास गायब, आणि शेजारीच टांगलेली निम्म्या किमतीची साधी, जाड पोटाची क्लासिकल तिच्यापेक्षा भरभरून वाजते. मग दुकानदार म्हणतो सर एकदा प्लग करून ऐका, आणि आपल्याला वाटतं हा काहीतरी झाकतोय. झाकत नसतो बिचारा. या गिटारीतून खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, आणि माझ्या मते तिची सगळी गंमत त्या कमी करण्यातच आहे.

आधी पोटातल्या हवेचं बघू. गिटारची तार स्वतः हवा फारशी हलवत नाही, इतक्या बारीक वस्तूला हवा दोन्ही बाजूंनी वाट देते. तार ब्रिजला, म्हणजे ती जिथे अडकवलेली असते त्या लाकडी पट्टीला हलवते, ब्रिज वरच्या फळीला म्हणजे टॉपला, आणि टॉप हवा ढकलतो. पण टॉप आत गेला की पोटातली हवा दाबली जाते आणि टॉपमधल्या भोकातून, म्हणजे साउंडहोलमधून बाहेर यायला बघते, टॉप बाहेर आला की ती आत ओढली जाते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जो भुंकार निघतो तोच हा प्रकार, याला हेल्महोल्ट्झ रेझोनन्स म्हणतात. नेहमीच्या क्लासिकल गिटारीत हा 100 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे खालच्या मोकळ्या ई तारेच्या (82 हर्ट्झ) थोडा वर आणि ए तारेच्या (110 हर्ट्झ) थोडा खाली. खर्जाला जो घुमारा येतो ना, त्यात या हवेचा मोठा हात असतो.

आता पोट पातळ करा. बाकी सगळं तेच ठेवून आतली हवा कमी केली की हा रेझोनन्स वर सरकतो, आणि तो हवेच्या आकारमानाच्या वर्गमुळाच्या उलट्या प्रमाणात सरकतो. म्हणजे साधारण 100 मिलिमीटर खोलीची बॉडी 75 वर आणली तर 100 हर्ट्झचे 115 होतात, आणि अर्ध्यावर म्हणजे 50 वर आणली तर 141. हे वहीतलं गणित झालं, खऱ्या गिटारीत फळ्या वाकतात, साउंडहोल लहान असतं, काहींना तर नसतंच, त्यामुळे आकडे इकडेतिकडे होतात, पण दिशा हीच. आणि रेझोनन्सच्या खाली काय होतं ते जास्त मजेशीर आहे. तिथे टॉप आत जातो तेव्हा नेमकी भोकातून हवा बाहेर येते, दोघं एकमेकांच्या विरुद्ध काम करतात आणि आवाज आपापसात कापला जातो. म्हणजे खालच्या ई, एफ, जी या सुरांचा मूळ पाया पातळ गिटारीत नुसता कमी होत नाही, तो बऱ्यापैकी खाल्लाच जातो.

तरीसुद्धा ई वाजवल्यावर आपल्याला ई च ऐकू येतो, दुसरा कुठला सूर नाही, कारण 82 नसला तरी 165, 247, 330 हे त्याचे वरचे सगळे स्वरांश शाबूत असतात आणि त्यांच्यातलं अंतर 82 चंच असतं, मेंदू त्यावरून पाया स्वतःच भरून काढतो. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवर तबल्याचा डग्गा ऐकू येतो तो याच कृपेनं.

घरी करून बघायचं असेल तर साउंडहोलजवळ तोंड नेऊन 'ऊऊ' करत सूर हळूहळू खाली आणा, सगळ्या तारा तळहातानं दाबून ठेवून. एका ठरावीक सुरावर गिटारची पाठ पोटाला चक्क गुदगुल्या करते, तोच तिचा हवेचा सूर. पुरुषांच्या आवाजाला हे सोपं जातं, बायकांना एवढं खाली जाणं अवघड, पण मग फोनवर टोन जनरेटर ॲप लावून तो सूर मोठ्या स्पीकरमधून भोकाशी सोडला तरी चालतं, फोनच्या एवढ्याशा स्पीकरला इतका खर्ज झेपत नाही. जाड आणि पातळ अशा दोन गिटारी शेजारी मिळाल्या तर फरक लगेच कळतो.

इथे एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्यांनी घालून दिला त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस यांनी 1862 मध्ये एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याची होती, लाकूड फक्त वरच्या फळीला. आवाज टॉपमधून येतो हे त्यांना दाखवायचं होतं, आणि ते दाखवलं. पाठीच्या लाकडावर तासनतास वाद घालणाऱ्यांना मी ही पुठ्ठ्याची गिटार आठवून देतो, आणि हे मी स्वतः आपल्याकडच्या शिसवीच्या प्रेमात असून सांगतोय, जगभरच्या कितीतरी चांगल्या गिटारींच्या पाठीला भारतातलं शिसव असतं. म्हणजे पाठीचं लाकूड बदलून फरक पडतो तो थोडा, पण पाठ टॉपपासून किती लांब ठेवली यानं पडतो तो मोठा.

आता तारा. नायलॉनच्या आधी या गिटारींना तात असायची, जनावराच्या आतड्याची, आपल्या सारंगीला असते तशीच. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली कारण जखमा शिवायला तीच लागायची. नायलॉन ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या टीमनं 1935 मध्ये शोधलं होतं, आणि युद्धानंतर न्यूयॉर्कचे गिटार बनवणारे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नामवंत गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या साथीनं त्याच्या तारा बाजारात आणल्या. आज तीन तारा साध्या नायलॉनच्या असतात आणि खर्जाच्या तीन नायलॉनच्या बारीक धाग्यांच्या जुडग्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळून केलेल्या.

नायलॉन पोलादापेक्षा सुमारे सातपट हलकं, म्हणून तोच सूर काढायला तार जाड लागते. पहिली ई नायलॉनमध्ये 0.7 मिलिमीटर, स्टीलमध्ये 0.3. सहा तारांचा मिळून ताण 40 किलोच्या आसपास, स्टीलच्या हलक्या सेटचासुद्धा 70 च्या वर जातो. म्हणूनच नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा चढवायच्या नाहीत, ब्रिज उचकटतो, आणि 'एकदा लावून बघू' म्हणणारे शहाणे प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतातच. नायलॉन स्वतःच्या आतच बरीच ऊर्जा गिळतं, विशेषतः वरच्या स्वरांशांची, त्यामुळे आवाज मऊ आणि गोल येतो, आणि लवकर विझतो सुद्धा. तिसरी जी तार तर जवळजवळ एक मिलिमीटर जाड, काहीशी ठोकळ्यासारखी वाजते आणि वरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर जरा चढा लावते. याला उपाय म्हणून बरेच जण ती एक तार 'कार्बन'ची लावतात. हे कार्बन म्हणजे खरं तर पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक, मासेमारीच्या फ्लुरोकार्बन दोरीत असतं तेच, नायलॉनपेक्षा जड म्हणून तार बारीक होते आणि आवाज खुलतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तर पोट पातळ, तारा मऊ, आणि आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत न्यायचाय. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, चुंबकावर चालतो, त्याला लोखंडी तार लागते, नायलॉन आणि तांबं त्याला दिसतच नाहीत. मग पिझो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. गिटारीत ब्रिजवर जी हाडाची किंवा प्लास्टिकची पांढरी पट्टी असते, सॅडल, तिच्या खालच्या खाचेत पिझोची बारीक पट्टी बसवतात. तारा सॅडलला दाबतात, सॅडल पिझोला, कंपनाबरोबर दाब कमीजास्त होतो आणि तेवढं व्होल्टेज निघतं. ही पट्टी कधी सिरॅमिकची असते, कधी पातळ फिल्मची, आणि ती फिल्म ज्याची असते ते प्लास्टिक म्हणजे पुन्हा पीव्हीडीएफ! 1969 मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांनी त्यात पिझोचा गुण शोधला. फिल्म करताना ते ताणून त्यावर मोठं विद्युतक्षेत्र लावतात म्हणून त्यात तो गुण येतो. म्हणजे एकच पदार्थ वर तार म्हणून थरथरतोय आणि खाली तीच थरथर मोजतोय, मला हे भारी वाटतं.

त्याच 1969 मध्ये अमेरिकेत कंट्री गायक विली नेल्सन यांच्या नायलॉन गिटारवर एका दारुड्याचा पाय पडला, ती गेली कामातून, पण तिच्यातला पिझो पिकअप नॅशव्हिलच्या दुरुस्तीवाल्यानं काढून मार्टिन एन-20 या साध्या क्लासिकलमध्ये बसवला. तीच ती 'ट्रिगर', जिच्या टॉपला वाजवून वाजवून भलंमोठं भोक पडलंय आणि तरी ती चालूच आहे. पुढे 1982 च्या सुमारास गिब्सन कंपनीनं गिटारवादक चेट ॲटकिन्स यांच्या नावाची जवळपास भरीव नायलॉन गिटार काढली, मग कॅनडाची गोडिन मल्टिॲक आली, आणि आज यामाहाची एनटीएक्स मालिका बऱ्याच जणांना परवडते, तिची खोली 80 ते 90 मिलिमीटर, म्हणजे फार टोकाला न गेलेली. मेक्सिकोचे रोद्रिगो आणि गॅब्रिएला यामाहाच्याच नायलॉन गिटारी घेऊन हजारोंच्या गर्दीत हेवी मेटलच्या जोरानं वाजवतात.

आणि गर्दीसमोर पातळ पोटाचं खरं काम सुरू होतं. स्टेजवर मॉनिटर स्पीकर तुमच्याच तोंडासमोर असतो. त्यातला आवाज गिटारच्या टॉपवर आदळतो, टॉप थरथरतो, ती थरथर पिझो पकडतो, अँप वाढवतो, स्पीकर परत टॉपवर फेकतो. एका फेरीत आवाज जेवढा कमी होतो त्यापेक्षा जास्त वाढत असेल तर झालाच तो 'हूऊऊऊ', म्हणजे फीडबॅक, आणि साउंडवाला आपल्याकडे असं बघतो जसं काही आपणच तोंडानं काढला. हा हूऊऊ बहुतेक वेळा हवेच्या नाहीतर टॉपच्या रेझोनन्सलाच येतो, कारण गिटार तिथेच सगळ्यात जास्त हलते. मोठं पोट आणि हलका टॉप म्हणजे खोलीत सुंदर आवाज आणि स्टेजवर तेवढीच डोकेदुखी. पोटातली हवा कमी, टॉप थोडा कडक, भोक लहान, असं केलं की ही फेरी तुटायला लागते. म्हणजे दुकानात जे उणं वाटलं तेच इथे कामाला येतं, आणि खर्ज परत मिळतो तो पिझोमधून, कारण पिझोला पोटातल्या हवेशी फारसं घेणंदेणं नाही, तो तारेचा जोर थेट सॅडलखाली मोजतो, 82 हर्ट्झसकट.

तोटाही तिथेच आहे. तार सोडल्या क्षणीचा झटका पिझो जसाच्या तसा उचलतो, लाकूड आणि हवा मिळून त्या आवाजाला जी गोलाई देतात ती यात नसते, म्हणून जोरात वाजवलं की तो 'क्वॅक' असा बदकी आवाज येतो. प्रीअँपवर, म्हणजे पिझोचा सिग्नल पुढे पाठवण्याजोगा करणाऱ्या छोट्या सर्किटवर, मधल्या फ्रिक्वेन्सी थोड्या कमी केल्या की बराच सुसह्य होतो. काही मॉडेलात आत एक छोटा माइकही असतो, मिसळायला छान, पण मग फीडबॅक परत दारात.

प्रीअँप का लागतोच ते पण सांगतो. विद्युतदृष्ट्या पिझो म्हणजे एक छोटासा कपॅसिटर, समजा एक नॅनोफॅरड. तो 10 किलोओमच्या मिक्सर इनपुटला थेट जोडला तर 16 हजार हर्ट्झच्या खालचं सगळं पडायला लागतं, म्हणजे डास गुणगुणल्यासारखं काहीतरी उरेल. तोच 10 मेगाओमला जोडला तर ही मर्यादा 16 हर्ट्झवर येते, सगळा खर्ज आत. गिटारच्या कुशीतला प्रीअँप हेच करतो, आणि त्याचं नऊ व्होल्टचं सेल बहुतेक गिटारीत जॅकमध्ये केबल खुपसली की चालू होतं. त्यामुळे रियाज झाला की केबल काढा, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी आवाज फाटायला लागतो आणि सगळे पिकअपला शिव्या देत बसतात.

बाकी बाळगायला ही गिटार सोपी. क्लासिकलचा नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, 52 मिलिमीटर रुंद, हिचा बहुतेक वेळा 48, स्टीलवरून आलेल्या हाताला बरं पडतं, आणि कटअवे, म्हणजे मानेजवळ बॉडीला कापलेली खाच, असल्यामुळे वरचे फ्रेट हाताशी येतात. ठाण्यासारख्या ठिकाणी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना तर रात्री अकरा नंतर तिचा लहान आवाज हा गुणच. हवेचं मात्र बघावं लागतं, सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाच्या टॉपला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जुलैत कोकणात ती 80 च्या वर असते तर मे महिन्यात विदर्भात लाकूड अक्षरशः वाळतं. पावसात टॉप फुगून तारा उंच वाटतात, उन्हाळ्यात टॉप बसतो आणि फ्रेट खरखरतात. ओलाव्यासाठी केसमध्ये सिलिका जेल, कोरड्यासाठी ह्युमिडिफायर, एवढं पुरतं. प्लायवूडचा टॉप असेल तर एवढी काळजी नको, आणि मुख्यतः प्लग करूनच वाजवणार असाल तर प्लायवूडला नाक मुरडायचं कारण मला तरी दिसत नाही. फक्त खोलीत, केबलशिवाय वाजवायचं असेल तर मात्र हा लेख विसरा आणि सरळ जाड पोटाची क्लासिकल घ्या.

सेकंडहँड घेताना केबल आणि छोटा अँप बरोबर न्या आणि मोकळ्या सहाही तारा एकाच जोरानं एकेक करून वाजवा. एखादी तार, बहुधा कडेची, बाकीच्यांपेक्षा हळू आली तर लगेच पिकअप गेला असं समजू नका. बऱ्याचदा सॅडलचा तळ सपाट नसतो आणि तेवढ्या जागी पिझोवर दाब कमी पडतो. तारा सैल करून सॅडल उपसायचं, काचेवर बारीक सँडपेपर ठेवून तळ अगदी थोडा घासायचा, खाचेतला कचरा ब्रशनं काढायचा आणि परत बसवायचं. विकणाऱ्यानं किंमत पाडलेली असते ती पुष्कळदा याच एका तारेपायी.