बॅकस्पेसिंग आणि ऑफसेट: खाली बसवलेल्या जुन्या सी-टेनला चाकं घेताना नेमकं काय बघायचं

जुनी शेवरले सी-टेन पिकअप ट्रक खाली बसवली (म्हणजे सस्पेन्शन बदलून उंची कमी केली) की पुढचं काम ठरलेलंच, अठरा नाहीतर वीस इंची चाकं शोधायची. आणि तिथेच गाडं अडतं. एक कंपनी चाकाचा ऑफसेट मिलिमीटरमध्ये देते, दुसरी बॅकस्पेसिंग इंचात देते, आणि लोक दोन्ही आकडे एकच समजून एकमेकांना सांगत सुटतात, "माझ्या ट्रकला झिरो ऑफसेट बसलं, तूही डोळे झाकून घे." आता चाक किती रुंद ते सांगितलंच नाही तर झिरो ऑफसेट या माहितीचा उपयोग शून्य. मी डॅलसजवळ राहतो, इथून वॅक्सहॅची जवळच आहे, तिथे ‘सी-टेन्स इन द पार्क’ हा सी-टेनवाल्यांचा मेळावा भरतो तेव्हा हजारो डॉलरचा पेंट मारलेल्या ट्रकच्या पुढच्या फेंडरखाली (चाकावरच्या पत्र्याखाली) वाकून बघा, काहींची आतली कड घासून घासून पार पत्र्यापर्यंत गेलेली, चकचकीत दिसते. एवढी सुंदर गाडी आणि प्रत्येक वळणावर टायर तिला खातोय, हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण टेप घेऊन अर्धा तास मापं घेतली असती तर हे टळलं असतं.

आधी बॅकस्पेसिंग, कारण ते हाताने मोजता येतं. चाक तोंडावर पालथं ठेवायचं, मागच्या कडेवर आडवी सरळ पट्टी ठेवायची, आणि पट्टीपासून खाली जिथे चाक हबला (गाडीच्या ज्या गोल भागावर ते बोल्टने बसतं त्याला) टेकतं त्या सपाट जागेपर्यंत टेप सोडायचा. आला तो आकडा म्हणजे बॅकस्पेसिंग. चाक हबपासून आत, म्हणजे कंट्रोल आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे) आणि फ्रेमकडे किती शिरतं ते यातून कळतं, बाकी काही कळत नाही.

ऑफसेट म्हणजे तीच हबला टेकणारी जागा चाकाच्या रुंदीच्या बरोब्बर मध्यापासून किती सरकलेली आहे ते. मध्यावर असेल तर शून्य. बाहेर, रस्त्याच्या बाजूला सरकलेली असेल तर प्लस, आणि मग चाक आत जातं. आतल्या बाजूला असेल तर मायनस, मग चाक बाहेर येतं आणि तो खोल डिशवाला, थाळीसारखा लूक मिळतो. (हे प्लस-मायनस उलटं वाटतं खरं, पण जागा एकीकडे सरकली की चाक दुसरीकडे जातं एवढं धरून ठेवलं की पुरे.) बऱ्याच अलॉय चाकांच्या मागे ईटी लिहून पुढे आकडा कोरलेला असतो तो हाच, मिलिमीटरमध्ये. आजकालच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांना अधिक ३५, अधिक ४५ असे आकडे सर्रास दिसतात, जुन्या ट्रकचं गणित मात्र शून्याच्या आसपास फिरतं, त्यामुळे नव्या गाडीची चाकं जुन्या ट्रकला लावायला गेलं की ती खूपच आत जाऊन बसतात.

दोन्हींचं नातं सोपं आहे पण त्यात एक खाच आहे. चाकाची जी रुंदी लिहितात, आठ इंच, नऊ इंच, ती टायर जिथे बसतो त्या आतल्या दोन जागांमधली असते, बाहेरच्या कडा धरून चाक त्याहून साधारण एक इंच जास्त रुंद भरतं. म्हणून लिहिलेल्या रुंदीत एक मिळवायचा, निम्मं करायचं, आणि त्यात ऑफसेट इंचात करून मिळवायचा (२५.४ मिलिमीटरचा एक इंच, ऑफसेट मायनस असेल तर वजा करायचा), की झालं बॅकस्पेसिंग. आठ इंची चाक, शून्य ऑफसेट, तर साडेचार. तो एक इंच विसरला की उत्तर चार येतं, आणि अर्ध्या इंचाची चूक या कामात फार मोठी आहे, कारण आपण इथे दोन-चार सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागेत खेळत असतो.

आता खरा घोळ कुठे होतो ते बघा. समजा ट्रकवर साडेआठ इंच रुंद चाक आहे, बॅकस्पेसिंग ५. एकूण रुंदी साडेनऊ, म्हणजे हबपासून आत ५ आणि बाहेर साडेचार. मालकाला मागे दहा इंची चाक हवंय, तो म्हणतो बॅकस्पेसिंग तेच ठेवू, बसतंय ना. एकूण रुंदी झाली ११, आत तेवढंच ५, पण बाहेर ६! सगळा वाढीव दीड इंच फेंडरकडे गेला. दुसरा मालक म्हणतो ऑफसेट तोच ठेवू, तो इथे होता अधिक ६ मिलिमीटर. मग दहा इंची चाकाचं बॅकस्पेसिंग होतं पावणेसहा आणि बाहेर सव्वापाच, म्हणजे पाऊण इंच आत वाढलं, पाऊण इंच बाहेर. दोघांनीही "आकडा तोच ठेवला", पण दोघांची चाकं बाहेरच्या बाजूला पाऊण इंच वेगळी बसली.

आणि खाली बसवलेल्या ट्रकला सगळ्यात जास्त धोका बाहेरच्याच बाजूला असतो, हे माझं ठाम मत आहे. मूळ उंचीवर फेंडरची कड टायरच्या बरीच वर असते, चाक थोडं बाहेर आलं तरी दिसायला रांगडं दिसतं आणि चालून जातं. पण पुढे ४ आणि मागे ६ इंच खाली घेतला, जो या ट्रकचा नेहमीचा हिशोब, की ती कड टायरला वरून कवेत घेते, मग सस्पेन्शन दबलं की टायर वर येतो आणि कडेच्या आत गेला तर ठीक, नाहीतर थेट कडेवर आदळतो. बॅकस्पेसिंग बघून चाक घेणारा माणूस आतली बाजू सांभाळतो आणि बाहेर मार खातो. म्हणून मी सांगतो तिसरा आकडा काढा, एकूण रुंदीतून बॅकस्पेसिंग वजा. हबपासून बाहेर चाक किती येतं ते. याला फ्रंटस्पेसिंग म्हणतात, जाहिरातीत तो कुणी देत नाही, पण फेंडर त्याच्यावरच अवलंबून आहे. त्यात टायरचा फुगवटाही धरा, २७५ मिलिमीटर रुंदीचा टायर नऊ इंची रिमवर चढवला की दोन्हीकडे साधारण दोन-तीन सूत रिमच्या बाहेर येतोच, म्हणून माप रिमच्या कडेपर्यंत नाही, टायरच्या गालापर्यंत घ्यायचं.

मापं घ्यायची कधी, तर सस्पेन्शन आणि ब्रेकचं सगळं काम झाल्यावर. चाकं आधी घेऊन ठेवायचा मोह होतो, सेल लागलेला असतो, पण ड्रॉप स्पिंडल (हब ज्यावर बसतो तो भाग, गाडी खाली यावी म्हणून वेगळा बनवलेला) टाकले किंवा ड्रम ब्रेक काढून डिस्क लावले की चाक टेकायची जागाच बाहेर सरकू शकते, काही किटमध्ये कमी, काहींत चांगलीच. नुसत्या छोट्या स्प्रिंगने खाली घेतला तर चाकाची वरची बाजू आत झुकते, स्पिंडलने घेतला तर ती भूमिती बरीचशी जागेवर राहते, म्हणजे वरच्या कडेशी मिळणारी जागा दोन्हीत वेगळी. बोल्टचंही आधीच बघून घ्या, सी-टेनला १९७० पर्यंत साडेपाच इंच वर्तुळावर सहा बोल्ट यायचे आणि १९७१ ला पुढे डिस्क ब्रेक आले तेव्हापासून ५ इंच वर्तुळावर पाच, पण पन्नास वर्षांत कुणी काय बदललंय सांगता येत नाही, तेव्हा कागदावर नको, हबवर मोजा.

१९६७ ते ७२ च्या सी-टेनमध्ये मागे एक खास भानगड आहे. तिथे बहुतेक ट्रकना कॉइल स्प्रिंग आणि लांब ट्रेलिंग आर्म (ॲक्सलला पुढे फ्रेमशी जोडणारे दांडे) आहेत, आणि ॲक्सल डावी-उजवीकडे हलू नये म्हणून आडवा पॅनहार्ड बार. हा बार एका टोकाला फ्रेमला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला, त्यामुळे ॲक्सल वरखाली होताना सरळ न जाता वर्तुळाच्या कमानीत फिरतो. ट्रक पाच-सहा इंच खाली आला की अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकून बसतो, एका चाकाला फेंडरपाशी मोकळी जागा, दुसरं जवळजवळ चिकटलेलं. लोक मग चाकाला दोष देतात, एका बाजूला स्पेसर (चाक आणि हबच्या मधली चकती) घालतात, आणि चाकाची चूक नसतेच मुळी. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड बार लावून, ट्रक चाकांवर उभा असताना ॲक्सल मध्यावर आणा आणि मगच टेप काढा. १९७३ नंतरच्या चौकोनी सी-टेनला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

पुढच्या चाकाला स्टीअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघायचं, दोन्ही टोकांना, ट्रकचं वजन चाकांवर असताना. सरळ उभ्या चाकाला इंचभर जागा दिसते आणि वळवल्यावर टायरचा पुढचा कोपरा फेंडरला लागतो नाहीतर आतली बाजू स्वे बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या दांड्याला). चाक जितकं हबपासून बाहेर तितका तो कोपरा मोठ्या वर्तुळात फिरतो, म्हणून पुढे मागच्यापेक्षा अरुंद चाक लावायची पद्धत पडलीय, ती नुसती दिसण्यासाठी नाही. शिवाय चाक फार बाहेर काढलं की स्टीअरिंग जड होतं, रस्त्यातला प्रत्येक खड्डा हातात जाणवतो आणि बेअरिंगवर भार येतो.

मापं घेऊनही आत की बाहेर अशी दोन-तीन सुताची शंका उरलीच, तर जास्त बॅकस्पेसिंगचं चाक घ्या, म्हणजे आतल्या बाजूला झुकणारं. चाक थोडं जास्त आत गेलं तर हबला नीट बसणारा, चांगल्या प्रतीचा स्पेसर घालून ते बाहेर आणता येतं, फक्त नट बोल्टवर किमान बोल्टच्या जाडीइतके आटे तरी चढले पाहिजेत, तेवढे चढत नसतील तर लांब बोल्ट टाकायचे. बाहेर आलेलं चाक आत नेणारा स्पेसर मात्र जगात कुठे मिळत नाही. तिथे मग फेंडरची कड ठोकून दुमडा, ॲक्सल कापून अरुंद करून घ्या, नाहीतर चाकं विकून टाका, आणि एकदा टायर चढवलेली चाकं दुकानदार सहसा परत घेत नाही.