मुसंदम

मुसंदम : अरबी द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकाचा डोंगराळ सागरी प्रदेश. तो ओमानच्या सल्तनतीचा एक प्रांत असला, तरी मध्ये संयुक्त अरब अमिरातींचा मुलूख असल्याने उर्वरित ओमानपासून तुटलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे १,८०० चौ. किमी. असून लोकसंख्या २०१० च्या जनगणनेनुसार सुमारे ३१,००० होती. खसब, बुखा, दिबा व मधा हे प्रांताचे चार विभाग असून खसब हे मुख्य ठाणे आहे. त्यांपैकी मधा चहूबाजूंनी अमिरातींनी वेढलेला आहे आणि त्याच्याही पोटात शारजाच्या मालकीचे नहवा हे गाव आहे. प्रांताच्या उत्तरेस होर्मुझची सामुद्रधुनी असून तिची रुंदी अगदी अरुंद ठिकाणी ४० किमी.हूनही कमी भरते.

भूरचना : हजर पर्वताच्या या उत्तर भागाला ‘रुऊस अल्-जिबाल’ म्हणतात. जबल हरीम (२,०८७ मी.) हे त्यातील सर्वोच्च शिखर. दक्षिणेकडील हजरमध्ये महासागरी कवचाचे काळपट खडक मोठ्या प्रमाणावर आढळतात; मुसंदमचे डोंगर मात्र बहुतांशी पर्मियन ते क्रिटेशस या प्राचीन भूवैज्ञानिक काळांत उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडकाचे आहेत. त्यामुळे जबल हरीमच्या उंचीवरही सागरी जीवांचे जीवाश्म मिळतात.

किनाऱ्याच्या उत्पत्तीविषयी मात्र बारकाईने लिहिणे आवश्यक आहे. डोंगरांत खोलवर शिरलेल्या येथील चिंचोळ्या खाड्यांना पर्यटनविषयक लिखाणात सर्रास ‘फिओर्ड’ म्हटले जाते आणि प्रदेशाला ‘अरबस्तानचे नॉर्वे’ ही उपाधी लावली जाते. फिओर्ड हिमनद्यांनी कोरलेले असतात. मुसंदममध्ये हिमनद्या असल्याचा पुरावा नाही. या खाड्या म्हणजे ओढ्यांनी कोरलेल्या आणि पुढे समुद्रात बुडालेल्या दऱ्या असून भूगोलात अशा किनाऱ्याला रिया किनारा म्हणतात. त्या बुडण्याची दोन कारणे दिली जातात. एक, शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली. दुसरे, अरबी भूपट्ट यूरेशियन भूपट्टाखाली रेटला जात असल्याने द्वीपकल्पाचे उत्तर टोक खाली कलत आहे. या दोहोंचा वाटा किती, याविषयी एकमत नाही. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत हे टोक अनेक मीटर खचले, असे अनुमान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले गेले. तथापि समुद्राच्या पातळीतील वाढ त्यातून नेमकी वजा करणे अवघड असल्याने खचण्याचे आकडे सावधपणेच घेणे इष्ट; दोन्ही कारणे एकत्र घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

इतिहास : सिकंदराचा आरमारप्रमुख नीआर्कस सिंधूच्या मुखाकडून इराणी आखाताकडे जात असता (इ. स. पू. ३२५) त्याला पलीकडे ‘मकेता’ नावाचे भूशिर दिसले, असे एरियन या ग्रीक इतिहासकाराच्या वृत्तांतावरून कळते, ते मुसंदमच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक नौकानयनविषयक ग्रंथात आखाताच्या तोंडाशी ‘असाबो’ पर्वताचा उल्लेख येतो, तोही याच डोंगरांना लावला जातो. खसबचा किल्ला सामान्यतः सतराव्या शतकाच्या आरंभीचा व पोर्तुगीजांचा मानला जातो. तटाच्या आतील गोल बुरूज मात्र त्याहून जुना असावा.

एकोणिसाव्या शतकात मुसंदमचा मुंबईशी निकटचा संबंध आला. १८२० नंतरच्या दशकात मुंबईच्या आरमाराने आखाताची मोजणी केली, तेव्हा येथील दोन मोठ्या खाड्यांना एल्फिन्स्टन व माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरांची नावे पडली. एल्फिन्स्टन खाडी म्हणजेच आजची खोर शम. ब्रिटन व हिंदुस्थान यांना जोडणारी समुद्री तार १८६४ मध्ये ग्वादरहून मुसंदममार्गे बुशहर व फावपर्यंत टाकण्यात आली. ती तार वाहून आणणाऱ्या जहाजांपैकी ‘ट्वीड’ हे मूळचे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले ‘पंजाब’ नावाचे लढाऊ जहाज होते. खोर शममधील मकलब या चिमुकल्या खडकाळ बेटावर तारठाणे उभारले गेले. असह्य उष्णता, एकाकीपणा व स्थानिक टोळ्यांची धास्ती यांमुळे ते काही वर्षांतच हलवावे लागले. बेटावर आज जोत्यांचे अवशेष उरले आहेत.

लोक व भाषा : डोंगरांत मुख्यतः शिहूह टोळीची वस्ती आहे. ‘जिर्झ’ नावाची, लांब दांड्याची व हाताच्या बोटाएवढ्या पात्याची कुऱ्हाड ही त्यांची ओळख होय. इतर ओमानी लोकांच्या खंजिराऐवजी ती समारंभातही बाळगली जाते. पूर्वी ही कुटुंबे हिवाळ्यात डोंगरावर पावसाच्या पाण्यावर गहू व जव पिकवीत आणि उन्हाळ्यात मासेमारी व खजुराच्या सुगीसाठी किनाऱ्यावर उतरत. मागे राहिलेले धान्य व खजूर ‘बैत अल्-कुफ्ल’ (कुलपाचे घर) या दगडी घरात ठेवले जाई. त्याची जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा खोल, भिंती प्रचंड शिळांच्या, दार वाकूनच आत जाता येईल इतके ठेंगणे आणि कुलूप लाकडी असते. आतील मातीचे रांजण दारापेक्षा मोठे असतात. ते आधी मांडून मगच भिंती चढवीत, त्यामुळे घर पाडल्याखेरीज रांजण चोरीस जाणे शक्य नसे.

उत्तर टोकावरील कुमझार या गावाला रस्ता नाही. बोटीनेच जावे लागते. तेथील कुमझारी ही अरबस्तानच्या मुख्य भूमीवर रुजलेली इराणी कुळातील भाषा असून समोरच्या इराणच्या लारक बेटावरही ती बोलली जाते. तिच्या उगमाविषयी बराच वाद आहे. बर्ट्रम टॉमस या ब्रिटिश प्रवाशाने १९३० मध्ये तिचा पहिला शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. तेव्हापासून ती फार्सी व अरबी यांची सरमिसळ असल्याचे सांगितले जाऊ लागले. पोर्तुगीज, हिंदी व इंग्रजी यांची खिचडी हे तिचे लोकप्रिय वर्णन तर अगदीच तकलादू आहे. खलाशांच्या गावात असे उसने शब्द असणारच, त्यावरून भाषेचे कूळ ठरत नाही. काही अभ्यासक तिला नैर्ऋत्य इराणी शाखेची भाषा मानतात, तर क्रिस्टिना व्हॅन डर वाल अ‍ॅनन्बी यांनी २०१५ मध्ये लायडन विद्यापीठाला सादर केलेल्या व्याकरणात तिला फार्सी-अरबी मिश्र भाषा म्हटले आहे. अरबीतील जड उच्चाराची व्यंजने तिच्या मूळ इराणी शब्दांतही आढळतात. यावरून अरबी समाजाशी तिचा संपर्क फार जुना, कदाचित इस्लामपूर्व असावा. परंतु निश्चित काळ सांगता येत नाही. शाळा व दूरचित्रवाणी यांमुळे मुले अरबीकडे वळत आहेत, आणि काही हजार भाषकांच्या या भाषेची नोंद होत राहणे निकडीचे आहे.

प्रवास : नोव्हेंबर ते मार्च हा काळ सोयीचा, उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. रास अल्-खैमाहून सरहद्द ओलांडून किनाऱ्याने येणारा रस्ता सर्वाधिक वापरात आहे. मस्कतहून विमानानेही खसबला येता येते. खसबहून गलबतातून खोर शमची दिवसभराची फेरी मिळते, तीत मकलब बेट व बहुधा डॉल्फिनही दिसतात. वाटेतील किनाऱ्यावरची काही लहान गावे आजही रस्त्याविना असून तेथे पिण्याचे पाणी बोटीने पोहोचवावे लागते. जबल हरीमचा कच्चा, तीव्र चढाचा रस्ता चारही चाकांना ओढ असलेल्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीनेच करावा. वाटेत सय्ह हे उंचावरील सपाट शेतीचे मैदान लागते. पलीकडे उतरून दिबाला पोहोचणारी वाट चौकीमुळे परदेशी प्रवाशांना सामान्यतः बंद असते, म्हणून दिबासाठी अमिरातींतून वळसा घ्यावा लागतो व गरज असल्यास त्या देशाचा व्हिसा जवळ असावा लागतो.