लाकडी फ्लोअरिंग: स्वतः बसवायचं की कारागीर बोलवायचा?

व्हिडिओतला माणूस एका दुपारी अख्खी खोली लाकडी करून टाकतो. तो बहुतेक वेळा लॅमिनेट, म्हणजे वर लाकडाचं छापील चित्र असलेला दाबीव बोर्ड, बसवत असतो. बघणाऱ्याच्या डोक्यात मात्र सागवान असतं. स्वतः करायचं की पैसे मोजायचे, हे ठरवण्याआधी ही दोन कामं वेगळी करायला हवीत.

लॅमिनेटची फळी साधारण ८ ते १२ मिलिमीटर जाड. कडांना खाचा असतात, एकीत दुसरी अडकते. खिळा नाही, गोंद नाही. खाली फोम अंथरायचा आणि वर फळ्या जोडत जायचं. जुन्या टाइल्सवरही चालतं. जिगसॉ (हातात धरायची छोटी विजेची करवत), रबरी हातोडा, ठोकळा आणि पाचरी एवढ्या सामानावर बेडरूम शनिवार-रविवारात होते. हात अडतो तो शेवटच्या ओळीत आणि दाराच्या चौकटीपाशी. शिवाय फरशी वर आली की दार घासतं, ते खालून रंधावं लागतं.

अस्सल लाकडाची फळी १८-२० मिलिमीटरची. ती प्लायवर किंवा पट्ट्यांवर ठोकायची, मग घासायची, मग पॉलिश. घासायचं मशीन भाड्यानं मिळेलही, पण ते क्षणभर एका जागी थांबलं की तिथे खड्डा पडतो. इतकं महाग लाकूड हात बसवायला वापरू नये. इथे कारागीरच. इंजिनिअर्ड लाकूड, म्हणजे प्लायसारख्या थरांवर अस्सल लाकडाचा पातळ थर, हे मधलं: खाचेचं असेल तर स्वतः करून बघा, गोंदानं चिकटवायचं असेल तर नको.

पण खरी परीक्षा फळ्या जोडण्याआधीच होते. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवली आणि खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर आधी लेव्हल. कोब्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून चोवीस तास ठेवा. आतून पाणी धरलं तर ओल आहे, काम थांबवा. फळ्यांचे खोके त्याच खोलीत ४८ तास आडवे ठेवा. भिंतीपाशी ८-१० मिलिमीटर जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली, झाकली जाते. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगणारच; ती जागा नसेल तर फळ्या मधोमध उचलल्या जातात.

यातलं काहीच अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. आणि चौरस फुटावर मजुरी घेणाऱ्याला नेमका वेळच परवडत नाही. म्हणून कारागीर बोलावला तरी ही तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी. लेव्हलिंग, स्कर्टिंग आणि दार रंधणं दरात धरलंय का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारावं. स्कर्टिंगचा हिशेब बहुधा रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळा निघतो. काम कुणीही करो, फळ्या पाच ते दहा टक्के जास्त घ्या. उरलेल्या माळ्यावर ठेवा, कारण तीच छटा पुढे दुकानात मिळेलच असं नाही.