गुंठा

गुंठा हे जमिनीचे क्षेत्र मोजण्याचे एकक आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणात शेताचे व प्लॉटचे व्यवहार आजही गुंठ्यांत बोलले जातात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो.

गुंठा येण्याआधी मराठी मुलखात बिघा चाले. काठी पाच हात पाच मुठींची, अशा २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर. हात आणि मूठ माणसागणिक बदलते, त्यामुळे काठी गावोगाव वेगळी आणि बिघाही वेगळा. गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून सुरू केलेली जमीन-पाहणी मुंबई इलाख्यात पसरली आणि सरकारी दप्तरात एकर-गुंठा रुजला.

३३ फुटांची साखळी ही इंग्रजांच्या ६६ फुटी गुंटर साखळीची निम्मी. तिचे १६ आणे पाडलेले असत. हिशेबाची सारी सोय यातच आहे, कारण लांबी आणि रुंदी साखळ्यांत मोजून गुणली की उत्तर थेट गुंठ्यांत येते. आठ साखळ्या लांब, पाच साखळ्या रुंद शेत म्हणजे बरोबर एक एकर. गुंठ्याचेही १६ आणे. एक आणा म्हणजे सुमारे ६८ चौरस फूट.

शेत वेडेवाकडे असेल तर दोन दूरच्या कोपऱ्यांमध्ये पायारेषा धरतात, बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर लंब टाकतात आणि होणाऱ्या त्रिकोणांची व समलंब चौकोनांची क्षेत्रे मिळवतात. ही शंकू-साखळीची रीत; शंकू म्हणजे काटकोन धरून लंब टाकायचे साधन.

चुका मुख्यतः साखळीतूनच येतात. वापराने कड्या झिजून साखळी लांबते. ती दोन इंच जरी वाढली, तरी खऱ्या एका एकराची नोंद ३९.६ गुंठे होते आणि सुमारे साडेसहा आणे जमीन कागदावरून जाते. उतारावर साखळी जमिनीलगत ताणली तर क्षेत्र उलट जास्त भरते. म्हणून ती टप्प्याटप्प्याने आडवी धरून टोकाला ओळंबा सोडावा लागतो.

सातबारा उताऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने येते. ०.४०.५० म्हणजे ४० आर ५० चौरस मीटर. आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्यापेक्षा किंचित लहान. तोंडी व्यवहारात दोन्ही एकच धरतात. पण एकराऐवजी ४० आर लिहून घेतले, तर सुमारे ५०४ चौरस फूट कमी पडतात. शहरालगत तेवढ्यात एक खोली सहज बसते.

शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विनापरवाना केलेल्या वसाहतींना गुंठेवारी म्हणतात. त्या नियमित करण्यासाठी महाराष्ट्रात २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. असा तुकडा घेताना उताऱ्यावर नाव आणि क्षेत्र दिसते, जागा दिसत नाही. त्या तुकड्याचा पोटहिस्सा, म्हणजे मोजून वेगळा केलेला भाग, पडला नसेल, तर आपला गुंठा नेमका कुठला, हे मोजणीच्या नकाशाशिवाय ठरवता येत नाही.