शेजारी बसून पाहायचं, पण काय? कॉन्टेक्स्च्युअल इन्क्वायरी आणि युजेबिलिटी टेस्ट

कॉन्टेक्स्च्युअल इन्क्वायरी म्हणजे युजरला त्याच्या नेहमीच्या जागी काम करताना पाहून समजून घेणं. युजेबिलिटी टेस्ट म्हणजे ॲप किंवा वस्तू वापरताना तो कुठे अडतो हे तपासणं. दोन्हींत संशोधक युजरच्या शेजारी बसतो, पाहतो, टिपणं काढतो. त्यामुळे दोन्हींची सर्रास गल्लत होते आणि ‘पाच जणांना भेटून आलो’ एवढ्यावर युजर रिसर्च उरकला जातो. ओळखायची खूण साधी आहे: समोर चाललेलं काम कोणाचं? टेस्टमध्ये ते तुम्ही नेमून दिलेलं असतं. इन्क्वायरीत ते त्या माणसाचं असतं. तुम्ही गेला नसतात तरी त्याने ते केलंच असतं.

रुग्णालयात टॅब्लेटवर नोंदी करायचं ॲप घ्या. ‘चौथ्या खाटेवरच्या रुग्णाचा ताप टिपून ठेवा’ असं टेस्टमध्ये सांगितलं, तर नर्स फॉर्म बिनचूक भरेल. वॉर्डात मात्र तीच नर्स आकडे चिठ्ठीवर लिहिते आणि ड्यूटी संपताना सगळे एकदम भरते, कारण हातात मोजे आहेत आणि फॉर्म अर्धवट सोडला तर पुसला जातो. बटणं ठीक, अक्षरं ठीक, तरी नोंदीची वेळ खोटी! टेस्टच्या खोलीत मोजे नसतात, मध्येच हाक मारणारा रुग्णही नसतो, त्यामुळे हा दोष तिथे दिसत नाही.

बायर आणि होल्ट्झब्लॅट या डिझाइन-संशोधकांनी मांडलेल्या इन्क्वायरीत युजर उस्ताद आणि संशोधक शागिर्द. बैठक साधारण दोन तासांची. शागिर्दाला मध्येच विचारायची मुभा असते: ‘ही चिठ्ठी कशासाठी?’ मग आपला अंदाज तिथल्या तिथे बोलून दाखवायचा: ‘म्हणजे मोजे काढावे लागू नयेत म्हणून?’ चुकला असेल तर युजर लगेच दुरुस्त करतो. ‘आम्ही सहसा असं करतो’ हे वाक्य आलं की सावध व्हा. तो गोषवारा आहे. शेवटची खरी नोंद उघडून दाखवायला सांगा. टिपणांचा अर्थ टीमसोबत ४८ तासांच्या आत लावा, नंतर बारकावे निसटतात.

टेस्टमध्ये उलट, तोंड बंद. युजरला मनातलं मोठ्याने बोलायला सांगायचं आणि त्याने ‘इथे दाबू का?’ विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच म्हणायचं. बटणावर ‘नवी नोंद’ लिहिलं असेल, तर टास्कमध्ये ते शब्द नकोत. नाहीतर तपासलं जातं फक्त वाचन.

‘पाच युजर पुरतात’ हा प्रसिद्ध आकडा टेस्टचा आहे. युजेबिलिटीचे संशोधक नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या मॉडेलमध्ये एका युजरकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, म्हणून पाचांत सुमारे ८४ टक्के. पण दहातल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. इन्क्वायरीला हे गणित लावू नका. तिथे कामाचे प्रकार मोजा: दिवसपाळी, रात्रपाळी, नवखा, मुरलेला.

एकाच भेटीत दोन्ही उरकायचं असेल, तर प्रोटोटाइप (ॲपचा कच्चा नमुना) शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत बॅगेतच ठेवा. तो बाहेर आला की माणूस आपलं काम सोडून भिडस्त परीक्षक होतो. तेव्हा ‘हे रोज वापराल का?’ असं विचारलंत, तर उत्तर बहुतेक वेळा ‘हो’च येतं. त्या उत्तरावर फीचर ठरवू नका.