एम ७७ : आडोशामागचा दिवा

जिचे केंद्रक असाधारण तेजस्वी असते आणि ज्यातला वायू प्रचंड वेगाने धावतो, अशा दीर्घिकेला 'सीफर्ट दीर्घिका' म्हणतात. ही संज्ञा १९४३ नंतरची. पण तिची पहिली खूण पस्तीस वर्षे आधीच टिपली गेली होती, आणि ती ज्या दीर्घिकेत दिसली ती म्हणजे एम ७७, अर्थात एनजीसी १०६८. तिमिंगल तारकासमूहातली ही सर्पिल दीर्घिका आपल्यापासून सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. अशा तेजस्वी, म्हणजे 'सक्रिय' केंद्रकाविषयी आज जे कळले आहे, त्यातले बरेचसे याच एका दीर्घिकेकडे पुन्हापुन्हा पाहून कळले.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर मेशँला ती १७८० च्या ऑक्टोबरात दिसली. अंधुक वस्तूंची यादी करणाऱ्या शार्ल मेसिएने तिला आपल्या यादीत ७७ वा क्रमांक दिला खरा, पण ताऱ्यांचा गुच्छ समजून.

पुढे १९०८ मध्ये एडवर्ड फाथ लिक वेधशाळेत सर्पिल तेजोमेघांचे (आजच्या भाषेत सर्पिल दीर्घिकांचे) वर्णपट घेत होता. हे तेजोमेघ वायूचे की दूरच्या असंख्य ताऱ्यांचे, हा त्याचा प्रश्न. बहुतेकांच्या वर्णपटात ताऱ्यांसारख्या काळ्या शोषणरेषा मिळाल्या. एम ७७ मध्ये मात्र त्यांच्या जोडीला वायूच्या तेजोमेघात दिसाव्यात तशा ठळक उत्सर्जनरेषाही होत्या. लोवेल वेधशाळेतल्या व्हेस्टो स्लायफरने अधिक चांगले वर्णपट घेतले, तेव्हा या रेषा पसरट असल्याचे लक्षात आले. रेषा पसरते ती वायू वेगाने इकडेतिकडे धावत असल्यामुळे. पण हे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेबाहेरचे आहेत की नाहीत याचाच निकाल तेव्हा लागला नव्हता, त्यामुळे या वेगाचा अर्थ लावणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते.

कार्ल सीफर्टने केले ते असे की, या एकुलत्या विचित्र दीर्घिकेला त्याने भावंडे शोधून दिली. १९४३ च्या त्याच्या निबंधात सहा दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रकांचा बारकाईने अभ्यास आहे. काहींत वायूचा वेग सेकंदाला हजारो किलोमीटर निघाला. माझ्या मते हा निबंध विसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रातल्या महत्त्वाच्या निबंधांपैकी एक आहे, तरी कित्येक वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९५९ मध्ये लोडेवाइक वोल्टियेने विचारले, की एवढ्याशा केंद्रकात एवढ्या वेगाचा वायू टिकतो कसा? त्याला धरून ठेवायला प्रचंड वस्तुमान हवे. १९६३ मध्ये क्वेसारचे, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण अतिदूरच्या तेजस्वी वस्तूचे, अंतर कळले आणि अवाढव्य कृष्णविवराची कल्पना जोर धरू लागली. ते पाहायला सीफर्ट नव्हता. १९६० मध्येच मोटार अपघातात तो गेला होता.

दरम्यान सीफर्ट दीर्घिकांचे दोन प्रकार पडले. पहिल्यात फार पसरट रेषा दिसतात, दुसऱ्यात तेवढ्या पसरट दिसत नाहीत. एम ७७ दुसऱ्या प्रकारातली. १९८५ मध्ये रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी तिचा फक्त ध्रुवित प्रकाश (ज्याची कंपने एकाच दिशेत असतात असा, उदाहरणार्थ विखुरलेला प्रकाश) वेगळा काढला, आणि त्यात पहिल्या प्रकारच्या पसरट रेषा स्वच्छ उमटल्या! भिंतीआडचा दिवा दिसू नये, पण वर तरंगणाऱ्या धुरावर त्याचा उजेड पडावा, तसेच हे. धुळीच्या जाड कड्याने केंद्रक आपल्या नजरेआड केले होते आणि कड्याच्या वरच्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश तेवढा आपल्यापर्यंत येत होता. म्हणजे दोन्ही प्रकारांत यंत्रणा एकच असू शकते, फरक आपण कुठल्या बाजूने पाहतो याचा. अशा आडवळणाने लागलेला हा शोध मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो.

दृश्य प्रकाशात नीट न दिसणारा, मधोमधचा ताऱ्यांचा आडवा दांडाही त्याच दशकात अवरक्त निरीक्षणांतून पुढे आला. असे दांडे वायूला आत ढकलतात. पण कृष्णविवरापर्यंतचा अखेरचा टप्पा एकट्या दांड्याने पार होत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात पुरलेल्या आइसक्यूब शोधकाने याच दिशेकडून आलेले अंदाजे ७९ न्यूट्रिनो (पदार्थातून सहज पार जाणारे सूक्ष्म कण) जाहीर केले, २०११ ते २०२० या काळात टिपलेले. त्यांच्यासोबत निर्माण झाले असावेत असे प्रखर गॅमा किरण मात्र तेवढ्या प्रमाणात पोहोचलेले नाहीत. केंद्रकाजवळच्या दाटीत ते अडतात, न्यूट्रिनो तिच्यातून आरपार निघून येतात.