एका अणूची अदलाबदल

व्हँकोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध १९५८ साली वापरात आलं आणि पुढची जवळपास तीस वर्षं जिवाणू त्याला दाद देईनासे होतील, अशी काळजी डॉक्टरांना करावी लागली नाही. पेनिसिलिन एवढं नशीबवान नव्हतं. त्याला तोडणारं एन्झाइम जिवाणूंमध्ये १९४० सालीच सापडलं होतं, तेही ते औषध रुग्णांना सर्रास मिळू लागण्याआधी. व्हँकोमायसिन इतकं टिकलं कसं? सुरुवातीला ते बेतानं वापरलं जाई, हे एक कारण. दुसरं कारण त्याच्या नेमात आहे.

जिवाणूभोवती भक्कम भिंत असते. शर्करांच्या लांब साखळ्या आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे, अशी तिची वीण. बांधणी होण्याआधी या तुकड्यांच्या टोकाला एकाच जातीची दोन अमिनो आम्लं, म्हणजे दोन डी-अ‍ॅलानिन असतात. व्हँकोमायसिन हेच टोक पाच हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून ठेवतं. मग वीण पडत नाही, भिंत कच्ची राहते आणि जिवाणू मरतो.

औषध एखाद्या प्रथिनाला चिकटत असेल, तर जनुकातल्या एखाद्या बदलानंही जिवाणू निसटू शकतो. पण हे टोक कुठल्या एका जनुकात लिहिलेलं नसतं, ते अनेक एन्झाइमं मिळून घडवतात. त्यामुळे ते बदलणं जिवाणूला जमणार नाही, असं वाटणं स्वाभाविक होतं.

१९८०च्या दशकात युरोपातल्या रुग्णांमध्ये एन्टेरोकॉकस जिवाणूंनी ते करून दाखवलं. त्यांच्याकडे जनुकांचा अख्खा संच होता. एक एन्झाइम डी-लॅक्टेट नावाचा छोटा रेणू बनवतं, दुसरं तो डी-अ‍ॅलानिनला जोडतं, आणि तिसरं जुन्या जोड्या शोधून तोडतं. हे तिसरं मला सर्वांत विलक्षण वाटतं, कारण जुनी टोकं मागे राहिली तर औषधाला पकड मिळणारच. नव्या टोकात नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन येतो. एवढ्यानं एक बंध तुटतो, उलट तिथे दूर लोटणारं बल तयार होतं आणि औषधाची पकड सुमारे हजारपटीनं ढिली पडते. शिवाय औषधाची चाहूल लागली की मगच हा संच चालू होतो.

ही युक्ती रुग्णालयात जन्मलेली नाही. व्हँकोमायसिन मुळात मातीतला एक जिवाणू बनवतो, आणि अशी औषधं बनवणाऱ्या जिवाणूंना स्वतःची भिंत वाचवावीच लागते. कॅनडातल्या युकॉनमधल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही ही जनुकं सापडली, असं २०११ साली प्रसिद्ध झालं. युरोपात जनावरांच्या खाद्यात घातल्या जाणाऱ्या अ‍ॅव्होपार्सिन या भाऊबंद औषधानं अशा जिवाणूंना आयतं रान मोकळं करून दिलं. १९९७ साली त्यावर बंदी आली. ही जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी घेतात. २००२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ती स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या रोगकारक जिवाणूमध्येही आढळली.

रसायनशास्त्रज्ञ डेल बोगर यांच्या गटानं उत्तर त्याच मापाचं शोधलं. व्हँकोमायसिनच्या रेणूतला एक ऑक्सिजन काढून तिथे नायट्रोजन बसवला. हा बदललेला रेणू जुनं टोकही धरतो आणि नवंही.